संख्याशास्त्राच्या दारी परदेशी विद्यार्थी



कामगार संघटनेचा कार्यकर्ता व्याख्यानमालेत उभा राहिला म्हणजे तो बोनस, कपात किंवा कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते आणि ती बहुधा खरी ठरते. मी विषय कळवला तेव्हा चालकांनी मला दोनदा विचारले, "हाच ना?" हाच. गणित शिकलेला विद्यार्थी संख्याशास्त्रात डॉक्टरेट करण्यासाठी परक्या देशाच्या विद्यापीठाकडे अर्ज करतो. त्या अर्जाचा थोडा इतिहास मला सांगावयाचा आहे. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि वाटाघाटींच्या टेबलावर झाले. तेव्हा गणितातले बारकावे मी सांगू लागलो तर मला थांबवण्याचा पूर्ण अधिकार आपणांस आहे.

संख्याशास्त्राशी माझी गाठ महागाई भत्त्यामुळे पडली. भत्ता ठरतो औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावर, आणि या निर्देशांकाचे पायाभूत वर्ष अधूनमधून बदलते. बदलले म्हणजे नव्या आकड्याला एका गुणकाने गुणून जुन्या पायावरचा आकडा काढावा लागतो. या गुणकाला आम्ही युनियनचे लोक लिंकिंग फॅक्टरच म्हणतो. १९६० च्या पायावरून १९८२ वर येताना तो ४.९३ होता, १९८२ वरून २००१ वर येताना ४.६३, आणि सप्टेंबर २०२० च्या निर्देशांकापासून २०१६ चा पाया आला तेव्हा २.८८. त्याच वेळी कामगाराच्या खर्चातील अन्नाचा भार ४६.२० वरून ३९.१७ वर आला. आमच्या सभासदांनी विचारले, "डाळ महागली आणि जेवणाचा हिस्सा घटला, हे कसे?" मला उत्तर देता आले नाही. उत्तर असेलही, आणि ते योग्यही असेल. परंतु ते समजावून सांगणारा माणूस टेबलाच्या आमच्या बाजूला नव्हता, ही माझी खंत आहे.

अशा मनःस्थितीत असताना २०२२ सालच्या ऑगस्टमध्ये आमच्या एका सभासदाची मुलगी युनियनच्या कचेरीत आली. एम.एस्सी. गणिताची, वर्गात पहिली. "काका, मला अमेरिकेत संख्याशास्त्रात पीएच.डी. करायचीय. पण मी तो विषय एका पेपरापुरताच शिकलेय. मला कोण घेणार?" तिचे वडील लेथवर काम करतात, त्यांनी तिला माझ्याकडे पाठवले, कारण अर्ज लिहून देणारा माणूस म्हणून वसाहतीत माझी ख्याती आहे. रजेचे अर्ज, ग्रॅच्युइटीचे अर्ज. हा अर्ज निराळा होता. तिला काय सांगावे ते कळेना, म्हणून यापूर्वी कोण गेले, कसे गेले, हे मी शोधू लागलो. शोधता शोधता आढळले ते असे की, गेलेल्यांपैकी मोठमोठ्यांनी हा विषय घरून शिकून नेलाच नव्हता. शिकवणारेच नव्हते.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात १९११ साली कार्ल पिअर्सनने उपयोजित संख्याशास्त्राचा विभाग काढला. विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग म्हणून तो जगात पहिला. पण हे घर कोणत्या पायावर उभे होते? गाल्टनच्या पैशावर आणि सुप्रजननशास्त्राच्या कल्पनेवर. कोणता वंश सरस, कोणता निरस, हे मोजमापाने ठरवावयाचे, ही त्यातली उमेद. १९२५ साली पिअर्सनने एका सहकारी स्त्रीसह रशिया व पोलंड येथून लंडनला आलेल्या ज्यू मुलांच्या मापांवर प्रदीर्घ निबंध छापला. अशा परदेशीयांना देशात येऊ द्यावे काय, हा त्यातला प्रश्न होता आणि उत्तर प्रतिकूल होते. म्हणजे परक्या माणसाला दार लावून घेण्यासाठी आकड्यांचा अडसर करण्याचे काम याच वास्तूत झाले. त्या कॉलेजने २०२० साली गाल्टन व पिअर्सन यांची नावे आपल्या इमारतींवरून काढली. आणि मौज अशी की, वसाहतींतील काळी-पिवळी पोरे हा विषय शिकण्यासाठी नेमकी याच दारात येऊन उभी राहिली.

१९३३ साली म्हातारा पिअर्सन निवृत्त झाला आणि घराची वाटणी झाली. सुप्रजननाचा विभाग रोनाल्ड फिशरकडे गेला, संख्याशास्त्राचा विभाग पिअर्सनचा मुलगा ईगन याच्याकडे. इमारत एकच, चहाची खोली एकच, पण दोन्ही गटांच्या चहाच्या वेळा निरनिराळ्या ठेवल्या होत्या, म्हणजे एकमेकांची तोंडे पाहावयास नकोत! आमच्या एका कारखान्यात दोन युनियन होत्या तेव्हा कँटीनची हीच अवस्था होती, म्हणून ही गोष्ट वाचताना मला पंडितांविषयी फार आपुलकी वाटली.

या भांडत्या घरात त्याच साली पांडुरंग वासुदेव सुखात्मे नावाचा बावीस वर्षांचा मराठी तरुण दाखल झाला. सातारा जिल्ह्यातील बुध गावचा, फर्ग्युसन कॉलेजात गणित घेऊन १९३२ साली पदवीधर झालेला. त्याने दोन्ही चुलींवर भाकरी भाजून घेतली. ईगन पिअर्सनच्या विभागात पोलंडहून आलेला नेमन होता. त्याच्या नमुना-पाहणीच्या सिद्धांतावर सुखात्म्यांनी १९३५ साली निबंध लिहिला. फिशरच्या पक्षाची एक कसोटी होती, तिच्यावरही १९३८ साली लिहिले. पीएच.डी. १९३६ ला, डी.एस्सी. १९३९ ला.

परत आल्यावर त्यांनी जे केले ते शेतकऱ्याच्या मुलाला चटकन समजेल. पीक किती आले हे सरकार नजरअंदाजाने ठरवीत असे. आणेवारीचे दुःख मी महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावे? सुखात्म्यांनी कृषी संशोधन परिषदेतर्फे चिठ्ठ्या टाकल्यासारखी शेते निवडून, ठरावीक मापाचा तुकडा कापून, मळून, तोलून पिकाचा अंदाज काढण्याची पद्धत देशभर नेली. तुकडा फार लहान घेतला तर काठावरची रोपे आत ओढली जातात आणि उत्पन्न फुगून दिसते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यावरून कलकत्त्याच्या महालनोबिसांशी त्यांचा वाद झाला. काठावरचे रोप आत धरावयाचे की बाहेर, एवढ्यावर एका प्रांताचे धान्य कमीजास्त होते!

सुखात्म्यांविषयी माझी एक तक्रारही आहे, ती दडवून ठेवीत नाही. रोम येथील अन्न व शेती संघटनेत एकोणीस-वीस वर्षे काढून ते पुण्यास आले, आणि माणसाचे शरीर कमी अन्नाशी काही मर्यादेपर्यंत जुळवून घेते, सबब सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येकजण उपाशी धरू नये, असे मांडू लागले. १९५७ सालच्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनासाठी दर प्रौढास २७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षास ७२ वार कापड असा हिशेब घातला. त्यावर आमच्या दोन पिढ्या भांडल्या. तो आकडा खाली ओढावयास मालकांना असे शास्त्र आयतेच सापडते. वि. म. दांडेकरांनी पुण्यातूनच सुखात्म्यांना विरोध केला. गणितात कोण बरोबर हे मी ठरवू शकत नाही, परंतु मी दांडेकरांच्या बाजूचा.

त्याच लंडनला १९३६ साली पाओलू शू हा चिनी तरुण आला. तोही गणिताचाच पदवीधर. त्याच्या पैशांची कथा ऐकण्यासारखी आहे. बॉक्सर बंडानंतर १९०१ साली परकीय सत्तांनी चीनवर ४५ कोटी टेल चांदीचा दंड बसवला. पुढे ब्रिटनने आपल्या वाट्याच्या दंडातून काही रक्कम चिनी विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी परत वळवली आणि त्यासाठी स्पर्धा परीक्षा ठेवली. शू ती परीक्षा उतरून गेला. आपल्याच देशाकडून उकळलेल्या पैशातून आपलीच फी भरली जाते आणि वर उपकार मानावे लागतात, हा व्यवहार कामगार कल्याण निधीच्या व्यवहाराहून फारसा वेगळा नाही. १९३८ ला पीएच.डी., १९४० ला डी.एस्सी. करून तो युद्धाने होरपळलेल्या मायदेशी परतला. तेव्हा पेकिंग विद्यापीठ कुनमिंगला हलवावे लागले होते.

पण त्या मुलीला मी सगळ्यांत जास्त सांगितली ती सी. आर. राव यांची हकीकत. १९४० साली आंध्र विद्यापीठातून गणितात एम.ए., पहिला वर्ग, पहिला क्रमांक. वय एकोणीस. संशोधनाच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला तो नामंजूर, कारण अर्ज मुदतीनंतर पोहोचला. युद्धाचे दिवस, लष्कराच्या सर्वेक्षण खात्यात गणिती हवा आहे असे कळले म्हणून कलकत्त्याला मुलाखतीस गेले, तेथे वय लहान म्हणून नकार मिळाला. ज्या ठिकाणी उतरले होते तेथे मुंबईस नोकरीला असलेला एक तरुण भेटला. त्याला त्याच्या वरिष्ठांनी महालनोबिसांच्या संस्थेत संख्याशास्त्र शिकण्यास पाठवले होते. राव त्याच्याबरोबर संस्था पाहावयास गेले, प्रशिक्षणासाठी अर्ज केला, आणि १ जानेवारी १९४१ रोजी दाखल झाले. दोन दारे तोंडावर बंद झाली म्हणून तिसऱ्याकडे लक्ष गेले. त्याच वर्षी कलकत्ता विद्यापीठाने संख्याशास्त्राचा पदव्युत्तर वर्ग सुरू केला. त्याच्या पहिल्या तुकडीत राव होते.

पुढे केंब्रिजची पाळी आली. पण ती अर्जाने आली नाही. केंब्रिजच्या पुराणवस्तू व मानवशास्त्र संग्रहालयात सुदानातील जेबेल मोया येथून खणून काढलेले प्राचीन सांगाडे होते. त्यांची मापे घेऊन तो जनसमूह कोणाच्या जवळचा हे ठरवावयाचे होते, आणि त्यासाठी महालनोबिसांनी काढलेले अंतराचे मापच वापरावयाचे होते. ते जाणणारा माणूस हवा होता. म्हणून १९४६ साली राव तेथे गेले. गेल्यावर पीएच.डी. साठी फिशरकडे नाव घातले. फिशर तेव्हा केंब्रिजला आनुवंशशास्त्राचा प्राध्यापक होता. या विषयाचा एवढा मोठा आचार्य, पण संख्याशास्त्राचे अध्यासन त्याला जन्मभर मिळाले नाही. त्याच्या अटी दोन: विषय तुझा तू शोध, आणि माझ्या प्रयोगशाळेत उंदरांवर काम कर. संग्रहालयात हाडे आणि प्रयोगशाळेत उंदीर, असे करीत १९४८ साली रावांचा प्रबंध झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये वयाच्या १०२ व्या वर्षी अमेरिकेत त्यांचे निधन झाले; त्याच वर्षी त्यांना संख्याशास्त्राचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता.

कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार हेही गणिताचेच. केंब्रिजला जेफ्रीज यांच्याकडे १९४९ साली डॉक्टरेट करून आले आणि १९५३ साली पुणे विद्यापीठातील गणित व संख्याशास्त्राच्या विभागाचे पहिले प्रमुख झाले. त्यानंतर मात्र आपल्याकडील मुलाला निदान हा विषय घरी शिकून मग परदेशी जाता येऊ लागले.

दरम्यान दाराची जागा बदलली होती. अमेरिकेत पूर्वी या विषयाचे दुर्भिक्षच होते. हॅरॉल्ड होटेलिंग १९२१ साली प्रिन्स्टनला गेला तो याच हेतूने, पण शिकवणारा कोणी न मिळाल्याने टोपॉलॉजीत डॉक्टरेट करून बाहेर पडला, आणि १९२९ साली फिशरकडे शिकण्यास इंग्लंडला गेला. पुढे नेमन १९३८ साली बर्कलीला गेला. होटेलिंगने १९४६ साली चॅपेल हिल येथे विभाग उभारला. त्या विभागात आपले राजचंद्र बोस गेले, समरेंद्रनाथ रॉय गेले. बोसांना कलकत्त्यास विभागप्रमुख राहण्यासाठी डॉक्टरेट हवी असे निघाले, तेव्हा छापून आलेले निबंध एकत्र बांधून त्यांनी १९४७ साली डी.लिट. घेतली. म्हणजे ज्यांच्या हाताखाली इतरांनी शिकावे, त्यांनाच कागदासाठी अडवले!

लंडनला ज्यांची सोय ओळखीने किंवा सरकारी शिष्यवृत्तीने होई, त्यांच्या जागी अमेरिकेने छापील अर्ज आणला. जीआरई ही परीक्षा १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात चार विद्यापीठांनी स्वतःच्या मुलांसाठी सुरू केली होती. १९४७ साली ती घेणारी संस्था स्थापन झाली. परदेशीयांच्या इंग्रजीची परीक्षा १९६४ सालची. माझे मित्र या परीक्षांना शिव्या देतात. मी देत नाही. ज्याला महालनोबिस ओळखत नाहीत आणि ज्याच्या उताऱ्याच्या ठिकाणी मुंबईचा तरुण भेटत नाही, त्याला छापील अर्ज हाच आधार. आमच्या भरतीतही साहेबाच्या मर्जीपेक्षा यादी बरी, हे आम्ही पुष्कळ मार खाऊन शिकलो आहोत. फक्त यादीत नाव घालण्याची किंमत काय, एवढे विचारले पाहिजे. एका अर्जाला शंभर डॉलरच्या आसपास, म्हणजे त्या वर्षी आठ हजार रुपये; लेथवाल्या बापाचा जवळजवळ दहा दिवसांचा पगार. तिने सात अर्ज करावयाचे ठरवले. परीक्षा बऱ्याच विभागांनी २०२० नंतर ऐच्छिक केल्या होत्या, तेवढी बचत.

मग शिफारसपत्रे, तीन. आमच्याकडील पत्र कसे असते ते आपण जाणता: विद्यार्थिनी अत्यंत मेहनती, सुशील व आज्ञाधारक असून तिला उज्ज्वल यश चिंतितो. पहिले पत्र तिने मला दाखवले तेव्हा मी म्हणालो, "अगं, हे पत्र दाखवून कारखान्यातसुद्धा हेल्पर म्हणून घेणार नाहीत. आज्ञाधारक माणूस त्यांना कशाला हवा?" निवड करणाऱ्यांना पाहावयाचे असते की या मुलीला विश्लेषणाच्या सिद्धता स्वतः करता येतात काय, रेषीय बीजगणित आणि संभाव्यता पक्की आहे काय, अडल्यावर ती काय करते. गणिताच्या मुलांना संख्याशास्त्राचे विभाग घेतात ते यासाठीच. कसोट्या आणि सूत्रे तेथे शिकवता येतात, सिद्धतेची सवय मागाहून लागणे कठीण. मी हे पत्र देणाऱ्या प्राध्यापकांकडे तिला परत पाठवले. भले गृहस्थ. त्यांनी आठवून लिहिले की, या मुलीने वर्गात माझ्या फळ्यावरील सिद्धतेतील चूक दाखवली, आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून आणली. असे पत्र द्यावयास शिक्षकाला मन मोठे असावे लागते.

एका कचेरीने तिची गुणपत्रके तीन आठवडे अडवून ठेवली. बाई रजेवर, शिक्का कपाटात, कपाटाची किल्ली बाईंजवळ. सातांपैकी एका ठिकाणची मुदत त्यात गेली. ती रडली. तेव्हा मी तिला रावांचा नामंजूर अर्ज सांगितला. त्याने तिचे समाधान झाले असे म्हणवत नाही.

हेतूचे निवेदन राहिले होते. तिचा पहिला मसुदा असा सुरू होत होता की, लहानपणापासून मला आकड्यांची आवड आहे. मी विचारले, "कोणाच्या आकड्यांची?" ती गप्प. मी तिच्यापुढे २.८८ चा कागद ठेवला. तो तिने घरी नेला आणि चार दिवसांनी येऊन मलाच प्रश्न केले. हे भार किती कुटुंबांच्या पाहणीवरून काढले? कुटुंबे कशी निवडली? दुसरी कुटुंबे निवडली असती तर हा आकडा किती हलला असता? आणि तो हलण्याचा अंदाज पत्रकात का नाही? तीस वर्षे मी ती पत्रके वाचीत आलो. आकडा इकडेतिकडे किती असू शकतो याचा उल्लेख मला त्यांत कधी दिसला नव्हता, आणि तो असावयास हवा हे मला सुचलेही नव्हते. तिने निवेदन पुन्हा लिहिले. त्यात तिचा बाप आला, महागाई भत्ता आला, आणि नमुन्यातील अनिश्चितता साखळीने एका पायावरून दुसऱ्या पायावर कशी वाहत जाते, हा प्रश्न आला. सुखात्म्यांचा १९३५ चा निबंधही आला. तो तिने शोधून वाचला होता. मला त्यातले एक पानही कळले नाही.

आता पैशाचे. अमेरिकेत डॉक्टरेटचा विद्यार्थी बहुधा वर्गावर शिकवतो किंवा प्राध्यापकाच्या प्रकल्पात राबतो, आणि त्याबद्दल त्याला फी माफ होऊन निर्वाहवेतन मिळते. त्यातही भेद आहे. जीवसंख्याशास्त्राच्या विभागांना तेथील सरकारच्या आरोग्य संस्थेकडून प्रशिक्षणाची अनुदाने मिळतात, पण ती नागरिकांना व कायम रहिवाशांना. परदेशी मुलाने दुसरीकडून सोय पाहावयाची. म्हणजे एकाच वर्गात शेजारीशेजारी बसलेल्या दोघांचे मस्टर निराळे. हे ऐकून मला कंत्राटी कामगार आठवला, तो आपणांसही आठवला असेल. परंतु तेथील विद्यार्थी स्वस्थ बसलेले नाहीत. विस्कॉन्सिनच्या अध्यापन-साहाय्यकांनी १९६६ साली संघटना काढली आणि १९७० साली संप केला. खाजगी विद्यापीठांतील असे साहाय्यक हे कायद्याने कामगारच, असा निर्णय तेथील श्रमसंबंध मंडळाने २०१६ साली कोलंबियाच्या प्रकरणात दिला. आणि आमची मुलगी अर्ज भरीत होती त्याच नोव्हेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात सुमारे ४८,००० साहाय्यक व संशोधक संपावर गेले. मी ती बातमी कचेरीतल्या फळ्यावर लावली होती.

मार्चअखेर उत्तरे आली. सहापैकी चार नकार, एक प्रतीक्षायादी, एक होकार: फी माफ, निर्वाहवेतन, पहिल्या वर्षी पदवीच्या मुलांना शिकवणे. अशा होकारावर १५ एप्रिलपूर्वी उत्तर देण्याची सक्ती करावयाची नाही, असा तेथील बहुतेक विद्यापीठांचा आपसांतील ठराव आहे. आम्हांला असा एखादा ठराव मालकांकडून मिळाला तर बरे. प्रतीक्षायादी हलते काय याची वाट पाहून १४ तारखेच्या रात्री तिने होकार कळवला. विमानाच्या तिकिटासाठी वसाहतीतल्या पतपेढीने कर्ज दिले, जामीन राहिलो मी आणि तिच्या वडिलांच्या खात्यातील एक फिटर.

सप्टेंबरात तिचा फोन आला. दोन प्रश्नपत्रिका तपासून झाल्या होत्या, थंडी सुरू व्हावयाची होती. म्हणाली, "काका, इथे साहाय्यकांची युनियन आहे. सभासद होऊ का?"

मी विचारले, "वर्गणी किती आहे?"